जावेच्या नावाची शेंगोळी

लोहारा गावच्या दैवशालाला कुणी तोंडावर "छान" म्हटलं की तिचं डोकंच फिरायचं. कारणही तसंच होतं. हुलग्याच्या पिठाची वळलेली शेंगोळी वाळवून पुड्यांत भरायची, गिऱ्हाइकानं ती घरी नुसती फोडणीच्या पाण्यात उकळायची, असं खूळ तिनं घेतलं होतं. चव बघायला अख्ख्या गल्लीत वाट्या फिरवल्या. गल्ली काय म्हणाली? "लई भारी, वैनी!" आणि पुडी विकत घ्यायला एक बाई फिरकली असेल तर शपथ.

सासरे बब्रुवानमामा मिशीत हसले. घराची रस्त्याकडची खोली दैवशालाला या धंद्यासाठी हवी होती; मामांचा जीव धाकट्या लेकाच्या, प्रेमच्या, होऊ घातलेल्या मोबाइलच्या दुकानात अडकला होता. "लोकं पैसे देऊन घेतेत का, ते दिवाळीपतूर दाव. न्हायतर खोली प्रेमची," त्यांनी ठणकावलं.

आता माणसं तोंडावर गोड बोलतात, पण पाठीमागं किती रसाळ बोलतात, हे दैवशालाला कुणी शिकवायला नको होतं. त्या कामात तिचा स्वतःचाच हात धरणारं कुणी नव्हतं! शिजवलेल्या शेंगोळ्यांचा डबा घेऊन ती जीपनं मुरुमच्या बाजारात गेली आणि भाजी-माळवं विकणाऱ्या बायकांत बसकण मारून म्हणाली, "माझ्या धाकट्या जावेनं केलीत गं. खाऊन बघा, मला तर काय पटंना."

बस्स, जिभा सुटल्या!

"वातड हायेत की."

"मधी कच्चं पीठ लागतंय."

लसूणवाली शिवम्मा तर थुंकलीच. "ह्यात लसूण घातलाय का नुसता दावलाय? बैलबी तोंड फिरवंल."

दैवशाला मान डोलवत राहिली, पण आतून नुसती चरचरत होती.

जीप पोचायच्या आधी बातमी पोचली. प्रेमची बायको राजेश्वरी दारातच कमरेवर हात ठेवून उभी. "अक्का, माझ्या नावानं का बोंब मारली? म्या तर हुलग्याला हातबी लावला न्हाय!"

"माझं नाव सांगितलं की गोड बोलतेत. तुझं सांगितलं की पोटातलं बोलतेत."

"आन् माझी अब्रू?"

"ती बी धुऊन आणते. अजून एक बाजार दम धर."

पुढच्या बाजारी शेंगोळी बारीक वळलेली, लसूण दणकून, सोबत पुड्यांची पिशवी, आणि नाव पुन्हा जावेचंच. शिवम्मानं एक खाल्लं. न विचारता दुसरं उचललं. मग नाक मुरडून म्हणाली, "जमलं की गं त्या भवानीला. दोन पुड्या टाक."

दैवशाला ताडकन उठली. सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं ओरडली, "जावेला न्हाय, मला जमलं! मागल्या बाजारी थुंकलीस, ते बी माझंच हुतं!"

शिवम्मा ओशाळली असेल म्हणता? छे! "मग थुंकले तेच बरं झालं की," म्हणाली आणि पैसे टिकवले. बाकीच्या बायकाही पुड्यांवर तुटून पडल्या.

घरी येताच दैवशालानं रस्त्याकडची खोली उघडली आणि प्रेमनं दुकानासाठी रचून ठेवलेल्या फळ्या बाहेर काढायला लागली.

"कुणाला इचारून गं?" खाटेवरनं मामा कडाडले.

"अख्ख्या मुरुमला इचारून, मामा," ती म्हणाली. "जरा पाय वर घ्या, झाडायचंय."