बाबांचा पासवर्ड

आमच्या घरच्या कॉम्प्युटरचे मालक एकटे बाबा. मास्तरकीतून रिटायर झाल्यावर त्यांनी तो चिमूरहून आणला. नातवंडांनी एकदा फोटो उडवले, तेव्हापासून स्वतः ॲडमिनिस्ट्रेटर होऊन आम्हा सगळ्यांना बाहेर बसवलं. आई भाताच्या रोवण्याला बांधीत उतरली की गायची. ती गाणी बाबांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून याच कॉम्प्युटरात ठेवली. मोबाइल केव्हाच बिघडला. आई मागच्या उन्हाळ्यात गेली. आता तिचा आवाज फक्त त्या फोल्डरमध्ये आहे, आणि बाबांना पासवर्ड आठवत नाही. पासवर्डाचं काय घेऊन बसलात, मी त्यांची लेक आहे हेही कधी कधी आठवत नाही.

मी माझ्या नावाच्या साध्या खात्यातून कॉम्प्युटर उघडून ते फोल्डर दाबते. लगेच पाटी येते: तुम्हाला परवानगी नाही, ॲडमिनिस्ट्रेटरला विचारा. असा संताप येतो! अरे मुडद्या, ॲडमिनिस्ट्रेटर इथीच चिवडा खात बसून राह्यला, त्याले काय विचारू, कपाळ?

यूट्यूबवर पाहून सगळे उपाय केले. प्रत्येक उपाय फिरून तोच पासवर्ड मागतो. शेवटी चिमूरचा कॉम्प्युटरवाला बोलावला.

"ताई, पासवर्ड जबरदस्तीनं बदलून देतो," तो म्हणाला, "पण गुरुजींनी फोल्डरले वरून आणखी लॉक मारून ठेवलं हाय. बदलला का गाणी कायमची गेली. जुनाच पासवर्ड पाह्यजे."

मग मी आईचं नाव टाकलं, माझं टाकलं, गावाचं, बैलांचं. एकदा तर चिडून शिवीही टाकली. काही उपयोग नाही.

एका सकाळी बाबांनी मला नावानं हाक मारली. मी तशीच त्यांना खुर्चीत बसवलं. डोकं विसरलं असेल, बोटं विसरली नसतील, एवढीच आशा. बाबांनी चष्मा पुसला, मला दिसू नये म्हणून एक हात आडवा धरला आणि टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा चुकलं.

"आठवा ना हो बाबा! आईचा आवाज हाय त्याच्यात!" मी ओरडलेच.

"काऊन चिल्लावतेस? तुह्या मायले विचार. तिले सांगून ठेवला हाय मी."

मी स्वयंपाकघरात गेले. ओटा धरून पोटभर रडले, तोंड धुतलं आणि परत आले.

"झोपली हाय ते," म्हटलं.

"मंग नको उठवू," बाबा म्हणाले. "थकली असन."