अण्णांचं ‘सुगी भांडार’

महिन्यापूर्वी सकाळी निपाणीहून फोन आला, “आक्का, अण्णा गेले.” मी वडगावच्या घरी चहा गाळत होते. रडू आलंच... पण खरं सांगते, त्याआधी डोळ्यांसमोर आला बेळगावच्या दुकानाचा पहिला दिवस, आणि मला हसू फुटलं.

दत्तूअण्णा आमच्याच गल्लीतल्या विणकराचा मुलगा. सुईपासून साडीपर्यंत सगळं एका छताखाली विकायचं, हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. नाव ठेवलं ‘सुगी भांडार’. मराठीत सुगी, कन्नडात सुग्गी; म्हणजे पाटीवरून भांडायला कुणाला जागाच नको! मला साड्यांच्या विभागात उभं केलं. पहिल्याच दिवशी येळ्ळूर, हिंडलग्याची माणसं लोटली आणि चकचकीत फरशी बघून सगळ्यांनी देवळात काढाव्यात तशा चपला पायरीवर काढल्या. ही रास! संध्याकाळी निम्मे लोक दुसऱ्याच्याच चपला घालून घरी गेले. मॅनेजर म्हणाला, ‘चपला घालूनच आत या’ अशी पाटी लावू. अण्णांना ते पटेना, लोक ओशाळतील म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः चपला घालून दारातून आत-बाहेर येरझाऱ्या घालत राहिले. त्यांचं बघून लोक हळूहळू तसेच आत यायला लागले.

मग काय, निपाणी, खानापूर, चिकोडीलाही शाखा निघाल्या! दसरा-दिवाळीला आम्हाला जेवायला फुरसत नसायची, आणि तरी घरी जावंसं वाटायचं नाही.

पुढे बाहेरच्या कंपन्यांची मोठी दुकानं आली, मोबाइलवर साड्या आल्या, आमची गर्दी आटली. एक कंपनी भागीदारीला तयार झाली, पण अट घालून: नुसतं बघून जाणारे नकोत, दारात गार्ड ठेवा, माणूस बघून आत सोडा. सही केली असती तर चारही दुकानं वाचली असती. मी अण्णांशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, “माझी आई अशीच एका दुकानाच्या दारातनं परत आलती, आक्का. दुकान गेलं तर जाऊंदे.” एकेक शाखा बंद झाली, शेवटी निपाणीची. मला त्यांचा राग आला होता... अजूनही थोडा आहे.

गेल्या रविवारी नातीबरोबर नव्या मॉलला गेले. काचेच्या दाराबाहेर एक म्हातारी पिशवी छातीशी धरून उभी होती आणि गार्ड तिला न्याहाळत होता. अण्णा दिवसातून शंभरदा म्हणायचे ते माझ्या तोंडून आपसूक निघालं, “या की मावशी, आत या. बघायला पैसे पडत न्हाईत.”

ती आत आली. गार्डनं मला विचारलं, “तुम्ही हितं कामाला हाईसा काय?”

मी म्हटलं, “व्हय.”