सणसरच्या बारा मेंढ्या

१९९७, मार्चमधला एक सोमवार. बारामतीच्या ठाण्यात मी मुद्देमालाची खोली तपासत होते. तेवढ्यात सणसरची एक मुलगी आली. पुढं जे घडलं ते निवृत्तीनंतरही मला तपशिलासकट आठवतं.

ती संगणकाच्या वर्गात शिकवायची. दूध संस्थांसाठी तिनं प्रोग्राम लिहिला होता. दूध घातलं की सभासदाची पावती निघायची. बारामतीतल्या एका विक्रेत्यानं बघायला म्हणून फ्लॉपी नेली, प्रोग्रामचं नाव बदललं, पहिल्या पडद्यावर स्वतःचं चिन्ह टाकलं आणि चकचकीत खोक्यात घालून विकायला काढला. आता कन्हेरीच्या दूध संस्थेचे सचिव तिलाच नक्कल करणारी ठरवून परत पाठवत होते.

ठाणे अंमलदार तिला म्हणाला, "फ्लॉपी तुझ्याजवळच हाय की. मग चोरीला गेलं काय?"

कॉपीराइट कायद्याखाली माझ्यासारख्या फौजदाराला माल जप्त करता येतो, हे मी वाचलेलं होतं. फिर्याद नोंदवली, मुलीला ठाण्यात बसवलं आणि पंच घेऊन दुकान गाठलं.

विक्रेत्यानं चहा मागवला. मी घेतला नाही. त्याच्याच खोक्यातली फ्लॉपी पंचांसमोर चालवली. आत चाचणीसाठी भरलेली बारा सभासदांची यादी निघाली: बांडी, मोरी, चांदी, गव्हाळी, लंगडी... या कोण, मी विचारलं.

"आमच्या सांगवीच्या बायका, मॅडम. गावाकडं अशीच नावं असत्यात."

हवालदारानं ते शब्दशः लिहून घेतलं.

ठाण्यात मुलीला विचारलं, तर ती ओशाळली. घरच्या मेंढ्यांची नावं होती. टाइप करताना तीच आठवली. वडलांशी आधी बोलणं होऊ नये म्हणून तिला जागेवरून उठू न देता मी जीप सणसरला पाठवली आणि तिच्या वडलांना आणलं. पंच आणि विक्रेता समोर होते.

"आबा, तुमच्या मेंढ्यांची नावं सांगा."

"इकून सा वरसं झाली, बाई. हितं त्यांचं काय काम?"

"सांगा तर."

संध्याकाळी मेंढ्या वाड्यात शिरताना आबा ज्या क्रमानं मोजायचे, त्याच क्रमानं नावं घेऊ लागले. पंच यादीवर बोट ठेवून होते. पाचव्या नावाला आबा थांबले.

"लंगडी. खरं तर ती मागं राहायची. पोरगी तिला हातानं मधी घालायची."

यादीत लंगडी पाचवीच होती. उरलेली सातही बरोबर जुळली.

"मॅडम, आपसात मिटवू," विक्रेता म्हणाला.

"कोर्टात मिटवा," मी म्हणाले.

त्यानं खोकं बदललं, नाव बदललं. पण जे त्याला कळलंच नाही, ते तसंच राहिलं. तेव्हापासून मी तपासात आधी तेच शोधत आले. संगणकाचं प्रशिक्षण मला कोणी दिलं नव्हतं, तरी ते प्रकरण मी धसाला लावलं, याचा अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला जीपमध्ये घेऊन कन्हेरीला गेले. सचिवांना उठवून संगणकापुढच्या त्यांच्या खुर्चीवर तिला बसवलं आणि तिच्या प्रोग्राममधून पहिली पावती निघेपर्यंत तिथंच उभी राहिले.