मामाजी मला शब्द विचारायचे

अंगणात मोहफुलं वाळायला घातली की त्या गोडसर, आंबूस वासासरशी मला ती दुपार आठवते. आमच्या घरी सासऱ्यांपुढे, म्हणजे मामाजींपुढे, सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि फारसं बोलायचं नाही. पण मामाजींना मोबाईलवर इंग्रजी शब्द शोधायच्या खेळाचा भारी नाद, आणि घरात कॉलेज शिकलेली मी एकटीच. मी फुलं पसरत असले की ते खुर्चीवरून विचारायचे, "मोठे, हे अक्षर असलेला शब्द सांग बरं." मी पदराआडून सांगायचे. आमचं बोलणं तेवढंच. त्या दुपारी त्यांनी एक्स अन् वाय असलेला शब्द विचारला. 'ऑक्सिजन' माझ्या ओठांवर आला होता, तेवढ्यात लग्न होऊन गोंदियाहून नवीनच आलेली धाकटी जाऊ उघड्या डोक्यानं ओरडली, "मामाजी, गॅलॅक्सी!" "वा रे पोरी!" म्हणत त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली, ती कायमचीच. धाकटी तर त्यांच्याशी पिक्चरपासून राजकारणापर्यंत सगळं बोलायची, तरी माझे तेवढे शब्दही तिलाच हवे होते. धाकटी आता नागपूरला राहते; आज तिचा फोन आला. "दीदी, क्यू अन् झेड असलेला शब्द सांगा ना, कधीची अटकून राहिली मी." मला लगेच सुचला. मी म्हटलं, "मामाजीलेच विचार ना."