बूट घालेपर्यंत थांबा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधली आमची छोटी कंपनी ज्येष्ठांना औषधांची आठवण करून देणारं ॲप बनवते. ते कसं वाटलं, हे लोकांना विचारत फिरणं हे माझं काम. त्यामुळे सुधारणांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.

*

माझी बॉस नेहा इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. पहिल्याच मुलाखतीला एका काकूंनी आम्हाला पोहे खाऊ घातले आणि प्रत्येक प्रश्नाला "छान आहे हो" म्हणाल्या. नेहा खूश. "शी लव्ह्ज इट!" आम्ही दारात बूट घालायला लागलो, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "तेवढं बटण मोठं करा बाई. मला दिसतच नाही, सुनेकडून दाबून घेते."

तेव्हापासून आमचा नियमच झाला. खरा फीडबॅक बूट घालताना मिळतो.

*

देशमुख काका रिटायर्ड मास्तर. ॲपला नेहमी चारच स्टार. पाचवा कुठे अडला, यावर आमच्याकडे मीटिंगा झडल्या. शेवटी मी फोनच केला.

"अहो, पैकीच्या पैकी दिले की पोरं शेफारतात," काका म्हणाले.

*

माझी घंटी मात्र कुणालाच आवडेना. औषधाच्या वेळी देवघरातल्यासारखी घंटी वाजावी, ही माझीच हौस. एका मावशींनी लिहिलं, "घंटी वाजली की आमचे हे गोळी सोडून आरतीला उभे राहतात." बहुतेकांनी ती बंदच करून टाकली होती.

"यार, लेट इट गो," नेहा म्हणाली. "वुई विल रिमूव्ह इट इन द नेक्स्ट अपडेट."

मला ते फार लागलं. घंटी चालू ठेवणाऱ्या थोडक्या लोकांत देशमुख काका होते. मी हट्टाने नेहाला त्यांच्याकडे घेऊन गेले.

काकांनी तासभर ॲपची पिसं काढली. रंग भडक, अक्षरं किरटी, घंटी कर्कश. देशमुख काकू शेजारी शांत बसून होत्या. नेहाने माझ्याकडे बघून मान हलवली. विषय संपला होता.

दारात आम्ही बूट घातले. काका मागोमाग आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "घंटी काढू नका हं. हिला आता माझं नाव आठवत नाही. पण ती वाजली की पाण्याचा पेला भरून माझ्याकडेच येते."

नेहाने बांधलेली लेस सोडली आणि ती पुन्हा आत गेली.