रविवारचा एक तास

आमच्या विज्ञान मंडळाची सुरुवातच मुळी एका चुकीने झाली. भिवंडीत कारखाने बंद असतात शुक्रवारी. आणि आमचे अध्यक्ष, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे सर, यांनी पहिलं व्याख्यान ठेवलं रविवारी सकाळी. का, तर विद्वानांच्या सभा रविवारीच भरतात! खोली लूमच्या कारखान्यावरची, कारण ती फुकट मिळाली. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून चिटणीस. खाली खडखडाट, वर सर तोंड हलवतायत. एक अक्षर कळलं नाही. तरी आम्ही शहाण्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तशी कारखान्याचे शेठ वर डोकावले. इथलेच, शेती सोडून लूम घातलेले. "कोन वारला का? एवढी मानसा गप का बसलीत?" व्याख्यान आहे म्हटल्यावर खाली गेले आणि मेन स्विच पाडला. सरांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्या दिवसापासून शेठ आमचे उपाध्यक्ष.

शुक्रवारी ठेवू या, असं मी सांगून पाहिलं. पण सर कसले ऐकतायत! मग दर महिन्याच्या एका रविवारी तासभर लूम बंद. रिकामे बसलेले कारागीर जिन्यात येऊन उभे राहायचे, त्यांना बघून सर हिंदीत शिरायचे. आमचे सभासद जांभया देत आणि प्रश्न यायचे ते जिन्यातून. तास झाला की शेठ खालून ओरडायचे, "सर, चांद कुठं पळून जात न्हाय, शिफ्ट जाते हाय!" आणि लूम सुरू. आभारप्रदर्शनाची वेळ कधी आलीच नाही.

शेठ गेले. मुलांनी जवळच्या वळ गावात गोदामं बांधली, तरी वडिलांचा शब्द म्हणून तो तास पाळत राहिली. यंदा मात्र लूम भंगारात गेले आणि खोली सोडायची वेळ आली. उरलेल्या चार सभासदांनी हे सरांना सांगायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मंडळ बंद होतंय हे त्या माणसाला कसं सांगायचं? सगळं आयुष्य त्याने इथे घातलं. आठवडाभर मला धड झोप नाही. आणि खरं सांगू, मीही कंटाळले होते. खुर्च्या मांडायच्या, माणसांना फोन करायचे, पुन्हा खुर्च्या उचलायच्या.

सर आता नव्वदीला टेकलेले, कान पार गेलेले. पायाखालची फरशी थरथरली की लूम सुरू झाले, आपण थांबायचं, एवढं त्यांना कळायचं. गेल्या रविवारी धापा टाकत जिना चढून आले आणि म्हणाले, "वा, आज आधीच बंद केले!" मी खडू त्यांच्या हातात दिला.

सर बोलत राहिले. मधेच थांबून पायांकडे बघायचे, पुन्हा बोलायचे. तास कधीच उलटून गेला होता. शेवटी मला बघवेना. जवळ जाऊन कानात ओरडले, "सर, लूम विकले. आता सुरू नाही व्हायचे."

खोलीचं, मंडळाचं ते काही विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी जिन्याकडे बघितलं.

"आणि ती माणसं?"

"गेली, सर. कोणी गावी, कोणी वडप्याला गोदामात."

त्यांनी खडू फळ्याखाली ठेवला, हात झटकले.

"मग मंडळ बंद झालंच की, बाई. इतका वेळ मला बोलू कशाला दिलंत?"