डेल्विनचा अठरा यार्डांचा झेल

…तर पाचव्यांदाही डेल्विनला संघातून काढलंच. काल आपण चौथ्या वेळेपाशी थांबलो होतो, ते डोंगरातल्या शहरातलं. ही पाचवी वेळ उत्तरेतली, सरोवराकाठच्या शहरातली. काढायची रीत मात्र सगळीकडे एकच. सकाळी सातला एक सभ्य माणूस खोलीच्या दारात येतो आणि खाली बघत म्हणतो, "साहेबांनी बोलावलंय. येताना डावांची वही घेऊन ये." वही संघाची, ती परत मागितली की समजायचं. पाचव्या वेळी तो माणूस आला, तर डेल्विन बूट घालून, बॅग भरून, वही मांडीवर घेऊन बसलेला. म्हणाला, "आज उशीर केलात. आधी नाश्ता करून घेऊ या का?" त्या माणसालाच बिचाऱ्याला कसंसं झालं. दोघांनी समोरासमोर बसून अंडी खाल्ली आणि मग साहेबांकडे गेले.

आणि दुसऱ्याच दिवशी त्याच संघानं त्याला सरावाच्या माणसांत परत घेतला. सहा वर्षं हेच चाललेलं.

हा डेल्विन आर्सेनो आमच्या प्रेरी बासिल गावचा, ओडाइलचा धाकटा. शाळेत असताना तीन हंगाम त्यानं माझ्या तळ्यांवर क्रॉफिश, म्हणजे नांग्यांचे मोठे झिंगे, काढलेत. क्रॉफिशची नाव थांबत नाही. पाण्यात पिंजरे रांगेनं उभे असतात आणि नाव आपली चालत राहते. एका हातानं पिंजरा उचलायचा, टेबलावर उपडा करायचा, नवं आमिष टाकायचं आणि पुढचा पिंजरा यायच्या आत हा त्याच्या जागी रोवायचा. हुकलं तर हुकलं, मागं फिरायचं नाही. मी स्वतः चाळीस वर्षं हे केलं आणि रोज चार-दोन हुकवले. डेल्विनचा एकही हुकल्याचं मला आठवत नाही. लांब, शांत हात. पिंजरा जणू आपणहून त्याच्याकडे यायचा. शाळेच्या फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या फुटबॉलच्या, मास्तरांना मीच सांगितलं, की हा पोरगा बघा. मास्तर ते आजही कबूल करत नाहीत, पण मीच सांगितलं.

त्यांनी त्याला वाइड रिसीव्हर केला. म्हणजे गर्दीपासून लांब कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की सुसाट पळायचं, आणि समोरच्या संघाचा राखणदार अंगाला चिकटलेला असताना मागून आलेला चेंडू झेलायचा. शाळेत झेलला, कॉलेजात झेलला. मोठ्या संघांत गेला तेव्हा कळलं, की तिथं सगळेच झेलतात, आणि त्यातले काही याच्यापेक्षा जोरात पळतातही.

मग सरावाची माणसं म्हणून जी दहा-बारा जणं ठेवतात, त्यांत हा. त्यांचं काम मोठं गमतीचं. रविवारी ज्या संघाशी गाठ, त्यांचा नामी झेलणारा जसा पळतो तस्सं डेल्विननं आठवडाभर पळायचं. अंगात त्याच्याच नंबरची बंडी. म्हणजे आपल्या राखणदारांना रविवारची सवय होते. ओडाइल दर बुधवारी फोन करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"ह्या आठवड्यात कोण आहेस रे?"

"अठ्ठ्याऐंशी नंबर, मा. जरा मिजासखोर माणूस आहे. झेलला की छाती ठोकतो."

"तू ठोकू नकोस हं. तुला लहानपणी न्यूमोनिया झाला होता."

खऱ्या सामन्यात चेंडूवाल्याला आडवा पाडल्याशिवाय डाव संपत नाही, पण सरावात कुणी कुणाला पाडत नाही. एवढी किमती माणसं, मोडली तर काय घ्या! मागून येऊन पाठीवर थाप मारली, की तो डाव संपला. मग झेलणाऱ्यानं वळायचं, चेंडू घेऊन धावत मागं यायचं, मास्तरांच्या हातात द्यायचा, की लगेच पुढचा डाव. दिवसाला पन्नास-साठ वेळा. सहा वर्षं. तुम्हीच हिशेब करा, माझं गणित चौथीपर्यंतचं आहे.

आणि यातला एकही झेल कुठं लिहीत नाहीत. लिहितात ते फक्त रविवारचे. त्या नोंदीत डेल्विनच्या नावापुढं सहा वर्षं शून्य. अठ्ठावीस वर्षांचा झाला होता, गुडघ्यात पाणी होत होतं. थँक्सगिव्हिंगला घरी आला तेव्हा माझ्या पायरीवर बसून म्हणाला, "आल्सी काका, मला मोठं काही नको. ते शून्य तेवढं जाऊ दे. एक झेल. मग मी कुणी न सांगता वही देऊन घरी येतो."

डिसेंबरात त्या सरोवराकाठच्या संघाचे दोन झेलणारे मोडले आणि तिसऱ्याला फ्लू झाला. शनिवारी डेल्विनला सांगितलं, उद्या तू खेळतोयस. ओडाइलनं सगळ्या गावाला फोन केले. मला दोनदा केला.

रविवारी चर्चमधून सगळे थेट लिओनीच्या खानावळीत. तिच्याकडे मोठा टीव्ही. गंबोचं, म्हणजे भातावर घ्यायच्या दाट रश्श्याचं, पातेलं मांडलेलं, ओडाइल सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर, आणि तिच्या मागं गॅस्टन. गॅस्टन म्हणजे आमचा पशुखाद्याचा दुकानदार. जिभेला हाड म्हणून नाही.

पहिला तास गेला. डेल्विन पळत होता, चेंडू दुसऱ्यांकडे जात होता.

"ओडाइल, तुझा पोरगा छान पळतो गं," गॅस्टन म्हणाला. "पत्ता सापडत नसलेल्या पोस्टमनसारखा."

"गॅस्टन, तोंडात भात घाल आणि बंद ठेव."

दुसरा तासही तसाच गेला. शेवटची पाच मिनिटं उरली, संघ पाच गुणांनी मागं. आणि चेंडू निघाला, खाली, वाकडा, अगदी टाकून दिल्यासारखा. डेल्विननं पुढं सूर मारला आणि गवताला टेकायच्या आत तो दोन्ही हातांत घेतला! जमिनीवर पडलेला असताना त्याला कुणी शिवलेलं नव्हतं, म्हणजे उठून पळायला मोकळा. उठला. समोर वीस यार्ड रिकामं मैदान आणि पुढं गोलरेषा. खानावळीतला एकूण एक माणूस उभा.

"पळ!" ओडाइल ओरडली.

तेवढ्यात मागून एक राखणदार आला. त्याचा हात जेमतेम पोचला, पाठीवर नुसती थाप बसली. आणि डेल्विन थांबला. वळला. चेंडू काखेत घेऊन निवांत उलटा धावू लागला, आपल्या मास्तरांच्या दिशेनं.

"अरे, तिकडं कुठं? तिकडं कुठं?" लिओनी हातातला झारा हलवत टीव्हीजवळ गेली.

चार यार्ड तो असा उलटा आला. ज्यानं थाप मारली तो राखणदारही क्षणभर बघतच राहिला. मग दुसऱ्या एका पहाडानं डेल्विनला उचलून आपटला. पण चेंडू सुटला नाही. चेंडू छातीशीच.

खानावळीत जो आरडाओरडा झाला तो इथं लिहिण्यासारखा नाही; त्यातला निम्मा ओडाइलचा. आणि एवढ्यात समोरच्या मास्तरांनी लाल रुमाल मैदानात टाकला. म्हणणं काय, तर सूर मारताना चेंडू गवताला लागला, हा झेलच नव्हे. पंच पडद्यात तोंड घालून बघत बसले.

गोल गेला तो गेलाच, आता झेलही जातो की काय! टीव्हीवर तेच तेच हळू हळू दाखवत होते. हात, चेंडू, गवत. एकदा वाटे लागला, एकदा वाटे नाही. ओडाइल जपमाळ ओढत होती आणि मध्येमध्ये पोराला शिव्या देत होती, एकाच श्वासात. गॅस्टननं टोपी काढली होती. मी त्याला विचारलं, "काय वाटतं?" तर म्हणतो, "गप्प बसा हो आल्सी, त्याचे हात आहेत खाली. मला दिसतायत."

पंच बाहेर आले आणि म्हणाले, झेल ग्राह्य.

लिओनीनं गॅस्टनचा मुका घेतला, ते त्याची बायको अजून काढते. झेल बावीस यार्डांचा होता. चार तो स्वतः परत घेऊन आला, म्हणून लिहिले अठरा. पुढं त्या संघाला चेंडू लाथेनं खांबांमधून मारल्याचे तीन गुण मिळाले आणि दोन गुणांनी हार झाली. थोडक्यात, हा पळाला असता तर गोलरेषेचे सहा गुण मिळून जिंकले असते. मंगळवारी सकाळी तो सभ्य माणूस पुन्हा दारात आला. वही या खेपेला टेबलावर नीट बांधून ठेवलेली होती, वर आभाराची चिठ्ठी.

गुरुवारी डेल्विन घरी आला. त्याला लिओनीकडे जेवायला बोलावलं, आणि आम्ही आधीच ठरवलं होतं, की तो विषय कुणी काढायचा नाही. दहा मिनिटं पाळलं. मग गॅस्टनला राहवेना. हातात भाताचा डाव तसाच धरून तो म्हणाला, "हे बघ पोरा, मी तुला हसणार नाही. आईशपथ. पण समोर चिटपाखरू नव्हतं रे. तू थांबलास का?"

ओडाइलनं डोक्याला हात लावला. डेल्विननं ताटली पुढं केली.

"थाप बसली ना गॅस्टनदादा, तेव्हा मला वाटलं, झालं, आता हा झेल आपला, आता तो कुणी काढून घेत नाही. म्हणून लवकर नेऊन मास्तरांच्या हातात द्यायला निघालो. गोलरेषा त्या आनंदात ध्यानातच आली नाही. तुम्ही भात वाढा."